एका वाड्यात दोन चुली

नगरच्या कापड बाजारात, सराफ्यात किंवा आडते बाजारात दिवाळीच्या अमावास्येला आजही वहीपूजन होते. लाल बासनातली नवी वही, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक आणि शेजारी हळदकुंकू वाहिलेला संगणक, हे दृश्य आता कोणालाही नवे वाटत नाही. वही पूजेपुरती उरली आणि हिशेब संगणकात गेला, याला जिल्ह्यातील व्यापारी घरांत एक पिढी लोटली आहे. मात्र २०२५ च्या दिवाळीत वीर संवत २५५२ च्या वह्यांवर पहिली अक्षरे उमटली, तेव्हा शेजारच्या कित्येक संगणकांच्या बाबतीत एक गोष्ट बदललेली होती. काही दिवस आधी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला दिला जाणारा नियमित आधार थांबवला होता.

आधार थांबणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे. तो दुसऱ्या दिवशीही सुरू झाला, बिले निघाली, खतावणी जुळली. थांबली ती सुरक्षेची डागडुजी. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामधली व्यवस्था. या व्यवस्थेत सतत लहानमोठी भगदाडे सापडत असतात आणि ती बुजवणारी सुधारणा कंपनी दर महिन्याला पाठवत असते. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने नावनोंदणी करून मिळणारी वाढीव मुदत जाहीर केली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणजे वाडा उभा आहे, कुलूपही आहे. फक्त ते कुलूप उघडण्याची नवी युक्ती चोराला सापडली, तर ते बदलून देणारा कारागीर आता येणार नाही.

अशा वेळी काय घडू शकते, याचा धडा जगाने मे २०१७ मध्ये घेतला आहे. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने तेव्हा दीडशेच्या आसपास देशांतील लाखो संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी पैसे मागितले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. ज्या भगदाडातून हा प्रोग्रॅम शिरला, ते बुजवणारी सुधारणा दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ती मिळतच नव्हती, ते संगणक प्रामुख्याने बळी पडले.

जुन्या यंत्रापुढचे रस्ते

सरळ उपाय विंडोज ११ घेण्याचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीसाठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. एवढ्या अटी जुने संगणकही पूर्ण करतात. अडचण येते ती ‘टीपीएम २.०’ या सुरक्षा चिपची आणि प्रोसेसरची. इंटेलचे प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच विंडोज ११ साठी मान्य आहेत आणि ती पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. वस्तू व सेवा कर लागू झाला १ जुलै २०१७ रोजी. त्या सुमारास नव्या करप्रणालीसाठी दुकानात आणलेला संगणक बहुधा या रेषेच्या अगदी अलीकडे, थोडक्यात बाहेर राहतो. यंत्र ठणठणीत असते, पण नव्या विंडोजला ते चालत नाही.

दुसरा उपाय नवा संगणक घेण्याचा. दुकान, घर, मुलांचे शिक्षण आणि एखाद्या संस्थेचे कार्यालय अशा प्रत्येक ठिकाणी तो खर्च करणे सर्वांना शक्य नसते. तिसरा उपाय लिनक्स या विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टीमकडे पूर्णपणे वळण्याचा. तो ऐकायला आकर्षक असला, तरी व्यापारी घरात लगेच अडतो. १९८६ पासून बंगळूरमध्ये घडत गेलेले ‘टॅली’ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे. कंपन्यांना आणि एलएलपींना कराच्या विवरणपत्रावर डिजिटल स्वाक्षरी करावी लागते, तिच्या टोकनची सोयही प्रामुख्याने विंडोज गृहीत धरूनच केलेली असते. चातुर्मासाची पत्रिका किंवा पर्युषणाचे कार्यक्रमपत्रक वर्षानुवर्षे ज्या जुन्या मराठी फाँटांत तयार होत आले, त्या फाँटांची सॉफ्टवेअरही विंडोजवरच बसवलेली आहेत.

जुने सोडवत नाही आणि नव्याशिवाय भागत नाही, अशा या पेचातून निघणारा चौथा रस्ता म्हणजे ‘ड्युअल बूट’. एकाच संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टीम शेजारी शेजारी बसवायच्या आणि संगणक सुरू करताना त्या वेळी कोणती हवी ते निवडायचे.

वाडा, देवडी आणि आड

‘दोन चुली झाल्या’ असे मराठीत म्हटले की घर फुटल्याची चाहूल लागते. पण जुन्या नगरमधील वाडे पाहिलेल्यांना हेही ठाऊक आहे की, रीतसर वाटणी झालेल्या वाड्यात दोन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गुण्यागोविंदाने नांदली. भिंत कोठे घालायची हे ठरले, देवडी सामाईक ठेवली आणि चौकातला आड दोघांचा राहिला, की तंटा उरत नाही. ड्युअल बूटचे शास्त्र नेमके हेच आहे.

संगणकाची हार्ड डिस्क हा वाडा. तिचे विभाग पाडता येतात, त्यांना ‘पार्टिशन’ म्हणतात. एका विभागात विंडोज राहते, दुसऱ्यात लिनक्स. दोन्ही सिस्टीम एकाच वेळी जाग्या नसतात. एक चालू असते तेव्हा दुसरी निजलेली असते. त्यामुळे जो कोणी चालू असेल त्याला संगणकाची पूर्ण रॅम आणि पूर्ण प्रोसेसर मिळतो. एका सिस्टीमच्या पोटात दुसरी चालवण्याची ‘व्हर्च्युअल मशीन’ ही वेगळी पद्धतही आहे, परंतु तिथे दोघींना एकाच वेळी रॅम वाटून द्यावी लागते. ४ जीबीच्या जुन्या यंत्राला ते ओझे झेपत नाही. त्याच्यासाठी ड्युअल बूटच बरे.

देवडीवर उभा असतो ‘बूटलोडर’ हा लहानसा प्रोग्रॅम. कळ दाबल्यावर तो पडद्यावर दोन नावे दाखवतो, ठरावीक सेकंद वाट पाहतो आणि कोणी काही निवडले नाही, तर ठरवून दिलेल्या सिस्टीमला उठवतो. लिनक्ससोबत येणाऱ्या अशा पहारेकऱ्याचे नाव ‘ग्रब’. दुकानात बसणाऱ्या वडीलधाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून न विचारता विंडोजच उघडावे, अशी सूचना त्याला देऊन ठेवता येते. घरातील एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याची सवय मोडण्याचे कारण नाही.

सामाईक आड म्हणजे तिसरा विभाग. त्यात घरातील छायाचित्रे, पत्रे, तक्ते अशा दोन्हीकडून लागणाऱ्या फायली ठेवायच्या. विंडोजच्या ‘एनटीएफएस’ पद्धतीने आखलेला विभाग लिनक्सला वाचता येतो आणि त्यावर लिहिताही येते. मात्र लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीने आखलेला विभाग विंडोजला सहजी दिसत नाही. म्हणून सामाईक विभाग विंडोजच्या पद्धतीचा ठेवावा.

दुसऱ्या चुलीचे मूळ

लिनक्सचा जन्म कोणत्याही कंपनीत झाला नाही. सॉफ्टवेअर वापरण्याचे, समजून घेण्याचे, बदलण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य सर्वांना असावे, या भूमिकेतून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जगाला कळवले. हे दोन प्रवाह एकत्र आले आणि जगभरच्या हजारो प्रोग्रॅमरांनी त्यात भर घातली. आज घराघरांतील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते. म्हणजे आजीच्या हातातील फोनपासून हवामानाचे गणित मांडणाऱ्या यंत्रापर्यंत ही चूल पेटलेलीच आहे. फक्त घरातील संगणकावर ती फारशी दिसत नाही.

भारतालाही ती परकी नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली आणली. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी ‘माया’ या लिनक्सवर आधारित प्रणालीची निवड केली. सामान्य घरासाठी मात्र ‘उबुंटू’ आणि ‘लिनक्स मिंट’ ही दोन नावे अधिक सोयीची ठरतात. मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते, ४ जीबी रॅम असल्यास काम सुखाने चालते. तिची मांडणी विंडोजसारखी असल्याने नवख्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखे होत नाही.

भिंत घालण्यापूर्वी

वाड्यात भिंत घालण्यापूर्वी घरातील दागदागिने आणि कागदपत्रे सुरक्षित जागी हलवतात. संगणकाच्या बाबतीतही हीच पहिली पायरी आहे आणि घाईत नेमकी तीच वगळली जाते. डिस्कचे विभाग पाडताना चुकीच्या विभागावर बोट पडले, तर क्षणात सर्व काही पुसले जाऊ शकते. लिनक्स बसवताना पडद्यावर साधारणतः दोन पर्याय येतात. एक विंडोजच्या शेजारी बसवण्याचा, दुसरा संपूर्ण डिस्क पुसून बसवण्याचा. दोन ओळींमधले अंतर बोटभर असते आणि परिणामांमधले अंतर वर्षानुवर्षांच्या हिशेबाएवढे.

हे नुकसान केवळ भावनिक नसते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, हिशेबाची पुस्तके जपून ठेवणे बंधनकारक आहे. खात्याने नोटीस पाठवली आणि उत्तरादाखल दाखवायला मुलाने पुसून टाकलेली डिस्क निघाली, तर ते उत्तर कोठेही ग्राह्य धरले जाणार नाही. त्याच डिस्कवर लग्नाची छायाचित्रे, मुलामुलींचे परिचयपत्र, कुटुंबाची वंशावळ किंवा संघाची सभासद यादी असेल, तर तिचे मोल कोणत्याही कलमात बसत नाही.

म्हणून आधी राखीव प्रत, मग बाकीचे सारे. टॅलीमध्ये बॅकअप घेण्याची स्वतंत्र सोय आहे. ती वापरून घेतलेली प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि तेवढ्यावर न थांबता ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली राखीव प्रत म्हणजे न मोजलेली रोकड होय. महत्त्वाच्या फायलींची आणखी एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवावी. हे काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नये.

त्यानंतर ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घ्यावा. निवडलेल्या लिनक्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिची फाइल उतरवून घ्यावी आणि ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ अशा विनामूल्य साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवावी. या क्रियेत पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. या पेनड्राइव्हची मोठी सोय अशी की, लिनक्स डिस्कवर न बसवताही त्यावरून चालवून पाहता येते. वायफाय लागते का, प्रिंटर ओळखला जातो का, आवाज येतो का, मराठी नीट दिसते का, हे सर्व भिंतीला हात न लावता तपासता येते. दोन-चार दिवस असे वापरून मगच निर्णय घ्यावा. जमले नाही, तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा. वाडा जसाच्या तसा असतो.

डिस्कवर जागा मोकळी करण्याचे काम विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’ या सोयीतून करावे. विंडोजचा विभाग आक्रसून तेथे ५० जीबीच्या आसपास जागा रिकामी ठेवली, तर घरगुती वापराला ती पुरते. ग्रामीण भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. विभागांची ही हलवाहलव चालू असताना वीज गेली, तर डिस्कवरील माहिती धोक्यात येते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडपासून अकोल्यापर्यंत सर्वत्र हा नियम एकच: लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणि दुकानातील संगणक चालू अवस्थेतील यूपीएसला जोडूनच हे काम हाती घ्यावे. क्रमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. विंडोज आधी आणि लिनक्स नंतर. उलट केल्यास नंतर आलेली विंडोज देवडीचा ताबा स्वतःकडे घेते आणि शेजारी कोणी राहते याची दखलच घेत नाही.

ज्यांना विभाग पाडण्याची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी याहून निर्धोक वाट आहे. जुन्या संगणकात एक लहान एसएसडी नव्याने बसवावी आणि लिनक्स तिच्यावर ठेवावी. बसवण्याचे काम चालू असताना विंडोजची जुनी डिस्क सोडवून बाजूला ठेवली, तर चुकून ती पुसली जाण्याची शक्यताच राहत नाही. वाड्यात भिंत घालण्याऐवजी शेजारी नवी खोली बांधावी, तसे हे आहे. खर्च नव्या संगणकाच्या मानाने बराच कमी येतो आणि एसएसडीच्या वेगामुळे जुने यंत्र चपळ झाल्याचेही जाणवते.

शेजारधर्मातील कुरबुरी

दोन चुली पेटल्या की लहानसहान कुरबुरी होणारच. त्यांची कारणे आधी माहीत असली, तर मनस्ताप वाचतो.

पहिली कुरबुर कुलपाची. अलीकडच्या अनेक संगणकांत विंडोज डिस्कवरील सर्व मजकूर ‘बिटलॉकर’ किंवा तत्सम सोयीने सांकेतिक रूपात ठेवते. देवडीची व्यवस्था बदलली की तिला संशय येतो आणि ती ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते. तो जवळ नसेल, तर मालकालाही आपल्याच घरात प्रवेश मिळत नाही. म्हणून ही सोय चालू आहे का, हे आधी पाहावे आणि असल्यास तो क्रमांक कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावा.

दुसरी कुरबुर अर्धवट झोपेची. लवकर सुरू होता यावे म्हणून विंडोज बंद करतानाही पूर्णपणे बंद होत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे ती डिस्कवर आपली खूण ठेवून निजते. अशा वेळी लिनक्सला सामाईक विभाग केवळ वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. विंडोजमधील ही सोय बंद केली की प्रश्न मिटतो.

तिसरी कुरबुर घड्याळाची, आणि तिच्यात भारतीय चव आहे. संगणकात बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज त्यातील वेळ स्थानिक समजते, तर लिनक्स ती जागतिक प्रमाणवेळ समजते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे लिनक्स वापरून नंतर विंडोज उघडली की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसू शकते. सकाळी साडेदहाच्या बिलावर पहाटे पाचची वेळ पडणे एक वेळ खपून जाईल. पण पहाटे पाचला नोंदी सुरू करणाऱ्या दूध संकलन केंद्रात तर तारीखच आदल्या दिवसाची पडेल. लिनक्सला एक आज्ञा देऊन घड्याळ स्थानिक वेळेचे मानायला सांगता येते. ते काम पहिल्याच दिवशी करून टाकावे.

चौथी कुरबुर सुधारणांची. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका मासिक सुधारणेनंतर अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होईनाशी झाली. सुरक्षेसाठी देवडीवर घातलेल्या नव्या नियमात लिनक्सचे जुने बूटलोडर अडकले होते. पुढे ही त्रुटी दूर करण्यात आली. तरीही त्यातून एक सवय लावून घेण्यासारखी आहे: लिनक्सचा तो पेनड्राइव्ह पुसून दुसऱ्या कामाला न लावता जपून ठेवावा. देवडी बिघडली, तर आत जाण्याचा तोच मागचा दरवाजा असतो.

कोणते काम कोणत्या चुलीवर

वाटणीचा खरा लाभ कामाची नीट विभागणी केल्यावरच मिळतो. एका संगणकात लिनक्स आली म्हणून त्यातील विंडोज १० सुरक्षित झाली, असे होत नाही. सुरक्षितता येते ती सवयीतून. ई-मेल, बँक, बातम्या, व्हिडिओ, मुलांचा अभ्यास अशी इंटरनेटवरील सर्व ये-जा लिनक्समध्ये करावी. विंडोज केवळ टॅली, टोकन आणि जुन्या फाँटांतील छपाई यांसाठी उघडावी आणि तेवढ्या कामापुरतेच तिथे इंटरनेट जोडावे. अनोळखी ई-मेलमधील फाइल विंडोजमध्ये उघडायची नाही, एवढा एक नियम घरात सर्वांनी पाळला, तरी धोका पुष्कळ कमी होतो.

पत्रे आणि तक्ते यांसाठी लिनक्ससोबत ‘लिब्रे ऑफिस’ विनामूल्य येते. वर्ड आणि एक्सेलच्या फायली त्यात उघडतात, क्वचित मांडणी थोडी हलते. अभियांत्रिकीच्या किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींना प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्राची बहुतेक साधने येथे सहज मिळतात. पुढे नोकरीत ज्या सर्व्हरांशी गाठ पडते, त्यांतील बरेचसे लिनक्सवरच चालतात. घरातील जुना संगणक अशा रीतीने त्यांची प्रयोगशाळा होतो.

मराठीचा प्रश्न थोडा निराळा आहे. श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो. त्यातील अक्षरे खरे तर मराठी नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने तो मजकूर विंडोज, लिनक्स आणि फोन अशा सर्वत्र सारखाच दिसतो आणि त्यात शोधही घेता येतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’, तसेच ‘लोहित’ यांसारखे देखणे युनिकोड फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्ही सिस्टीममध्ये एकच असल्याने टंकणाऱ्याला पुन्हा शिकावे लागत नाही. संघाच्या कार्यालयातील सभासद यादी, धार्मिक पाठशाळेचे निकाल, जुन्या स्मरणिका हे सारे जुन्या फाँटांत अडकून पडले असेल, तर विंडोजची चूल चालू आहे तोवरच ते युनिकोडमध्ये उतरवून घेणे शहाणपणाचे. ज्या दिवशी ते जुने यंत्र कायमचे बंद पडेल, त्या दिवशी मजकूर असूनही वाचता येणार नाही. मोडी लिपीतील दप्तरे घरात असूनही वाचणारा न उरल्याची हळहळ ज्या जिल्ह्याने अनुभवली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

परवान्याचा प्रश्न

संगणक दुरुस्त करून घेताना ‘विंडोज टाकून देतो’ असे म्हणत बिनपरवाना प्रत बसवून देण्याची पद्धत सर्वत्र रुळलेली आहे. त्यात काही गैर आहे, असे घेणाऱ्यालाही वाटत नाही. अचौर्य अणुव्रताची व्याप्ती पाहिली, तर दुसऱ्याच्या श्रमाची वस्तू मोल न देता वापरणे त्यातून सुटत नाही. चोरीचा माल घेणे हाही त्या व्रताचा अतिचारच मानलेला आहे. लिनक्स येथे अडचणीतून सुटण्याचा सरळ मार्ग देते. ती विनामूल्य मिळते ती कोणी चोरली म्हणून नव्हे, तर निर्मात्यांनी स्वेच्छेने वाटली म्हणून. एकाच पेनड्राइव्हवरून ती दहा घरांत बसवली, तरी कोणाचेही काही हिरावले जात नाही.

जुने यंत्र आणखी चार-पाच वर्षे चालवण्यालाही अर्थ आहे. संगणकात शिसे आणि इतर घातक द्रव्ये असतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू आहेत आणि असे यंत्र नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाणे अपेक्षित आहे. भंगारात गेलेले यंत्र उघड्यावर जाळले जाते तेव्हा त्याचा धूर आणि राख कोणत्या जीवांपर्यंत पोहोचते, याचा हिशेब कोणत्याच खतावणीत लिहिला जात नाही. गरज संपण्यापूर्वी वस्तू न टाकणे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी शिकवलेले व्यवहारज्ञान येथेही तितकेच खरे ठरते.

कोणी थांबावे

ड्युअल बूट प्रत्येकासाठी नाही. ज्या दुकानात एकच संगणक आहे आणि तो एक दिवसही बंद ठेवता येत नाही, तेथे हंगामाच्या तोंडावर हा प्रयोग करू नये. विवरणपत्राची मुदत संपून गेल्यावरचा निवांत रविवार निवडावा. डिस्क सतत कुरकुरत असेल किंवा फायली मध्येच उघडेनाशा होत असतील, तर ती डिस्क आधी बदलावी. पडक्या भिंतीवर नवी भिंत उभारत नाहीत. ज्याचे सारे काम ब्राउझरमध्येच होते, त्याला दोन चुलींची गरजच नाही. त्याने एकट्या लिनक्सवर सुखाने राहावे. आणि ज्याचा संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करतो, त्याने प्रथम तीच घ्यावी.

उरतात ती मधली घरे. त्यांचा हिशेब जुन्या व्यवस्थेत आहे, मुले नव्या जगात आहेत आणि संगणक या दोहोंच्या मध्ये उभा आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी घरोघरच्या जुन्या खतांवर आणि बिलांवर अहमदनगर हेच नाव आहे आणि तीही कागदपत्रे तितकीच जपून ठेवावी लागतात. बदल असाच होतो. नवे येते तेव्हा जुन्याचे देणेघेणे काही काळ चालू राहते, आणि तेवढा काळ दोन्ही नीट सांभाळावे लागतात. टॅलीचा उरलेला हिशेब निस्तरेपर्यंत, जुन्या फाँटांतील शेवटची स्मरणिका युनिकोडमध्ये उतरेपर्यंत आणि घरातील शेवटच्या माणसाचा हात नव्या पडद्यावर बसेपर्यंत विंडोजची चूल पेटती ठेवावी. त्यानंतर ती विझवायची की नाही, हे घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे. तोवर बाहेरच्या हार्ड डिस्कवरची राखीव प्रत ताजी आहे ना, एवढे दर महिन्याच्या अखेरीस पाहिले, तर वाड्यातील दोन्ही चुलींना धक्का लागणार नाही.